मुंबई–लंडन: अंतर तेच, मग वेळ का बदलते?

आजचा एपिसोड एका साध्या भागाकारापासून सुरू करतो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर. जेट विमानाचा वेग धरा ताशी ९००. उत्तर येतं आठ तास. पण तिकिटावर बघा, साडेनऊ-दहा तास लिहिलेले असतात. वरचे दीड-दोन तास गेले कुठे?

थोडे धावपट्टीवर जातात. थोडे वाऱ्यात, कारण उंचावर वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं. म्हणूनच येताना प्रवास लवकर होतो. आणि उरलेला वेळ? तो परवानगीत जातो. विमान सरळ रेषेत जात नाही, ज्याचं आभाळ मोकळं त्याच्यावरून जातं. ही गोष्ट जवळपास शंभर वर्षं जुनी आहे.

१९२९ साली इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. लागायचे सात दिवस! गंमत म्हणजे त्या 'विमान'प्रवासात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपासून इटलीतल्या जेनोवापर्यंत चक्क रेल्वेने जावं लागे. वाटेत आल्प्स आडवा, त्यात इटलीत विमान आणण्याच्या परवानगीचा घोळ. कराचीला पोचलं की मुंबईची टपाल पुन्हा रेल्वेत.

हा शेवटचा तुकडा जोडला जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते छोटं पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधन भरलं आणि जुहूला उतरले. सोबत प्रवासी नाही, फक्त टपाल.

आणि त्याच महिन्यात तिकडे काय झालं माहितीये? इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडायची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, म्हणून इंपीरियलची विमानं आखाताच्या पलीकडे, अरबी किनाऱ्याने जाऊ लागली. शारजासारख्या छोट्या गावात त्यामुळे विमानतळ आला. एका देशाने 'नाही' म्हटलं आणि दुसऱ्याचं नशीब बदललं.

पुढे ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आपला देश स्वतःच्या विमानाने लंडनला जात होता. १९६० मध्ये बोईंग ७०७ आलं, दिवसांचे तास झाले.

मग प्रश्न सुटला का? नाही ना! २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आभाळ बंद केलं, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी पुन्हा केलं. सगळ्यात जास्त फटका दिल्लीला. युरोपकडे जाणारी विमानं आधी खाली अरबी समुद्राकडे येऊन मग पश्चिमेला वळतात. जास्त इंधन, जास्त तास, आणि शेवटी महाग तिकीट.

मला यातून एवढंच कळतं: यंत्रांनी सात दिवसांचे दहा तास केले, पण त्यातला शेवटचा तास-दीड तास कमी करणं इंजिनिअरच्या हातात नाही. तो शेजाऱ्यांशी आपलं कसं चाललंय यावर ठरतो. पुढच्या वेळी विमानात सीटसमोरच्या स्क्रीनवर नकाशा लावा. रेघ जिथे वाकते तिथे कुठला देश आहे, तेवढं बघा. तिथे इतिहास सापडेल.