सातारा व सांगली शहरांतील भाड्याची घरे : गुंतवणूक, कायदा आणि निवारा (१९४८ ते २०००)

प्रस्तावना

शेती, सोने व सावकारी यांप्रमाणेच भाड्याने द्यावयाचे घर हेही नगरवासी मध्यमवर्गाच्या उत्पन्नाचे साधन होते. निवृत्तिवेतन नसलेल्या कुटुंबास दरमहा मिळणाऱ्या भाड्याचा आधार वाटे. तथापि अशा गुंतवणुकीचे मोल भाडे ठरविण्याच्या आणि ताबा परत मिळण्याच्या हक्कावर अवलंबून असते. हा हक्क कसा बदलत गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भाडेकरूवर्गाचा उदय

१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले व राजधानीचे शहर पुढे जिल्ह्याचे ठिकाण बनले. कचेऱ्या, न्यायालये व शाळा यांमुळे बदलीवर येणाऱ्या नोकरदारांना जागेची गरज भासू लागली. १९२४ पासून रयत शिक्षण संस्थेचे मुख्य केंद्रही येथेच आहे. सांगली ही पटवर्धन संस्थानाची राजधानी व हळदीची मोठी पेठ. १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्याने तेथे विद्यार्थी व अध्यापकांची भर पडली. जुन्या वाड्यांतील माडी, सोपा व मागील खोल्या यांतून स्वतंत्र बिऱ्हाडे नांदू लागली.

गोठलेले भाडे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टंचाई व महागाईच्या पार्श्वभूमीवर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे तेथील घरभाड्याचे वादही याच कायद्याच्या कक्षेत आले. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे, किंवा घर त्यानंतर प्रथम दिले असल्यास त्या वेळचे भाडे, हे सर्वसाधारणपणे ‘प्रमाण भाडे’ ठरले. ते नियमित देणाऱ्या भाडेकरूस कायद्यातील ठरावीक कारणांखेरीज काढता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयासही संरक्षण मिळे.

अल्प वेतनाच्या कुटुंबांना या तरतुदींनी बेघर होण्यापासून वाचविले, हे निर्विवाद आहे. परंतु भाडे स्थिर राहिले तरी चुना, लाकूड, कौले व मजुरी यांचे दर वाढतच गेले. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची, पण तिचा खर्च भाड्यातून भागेना. मालक खर्च टाळी. भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर पैसा घालण्यास कचरे. दोघांच्या या अडवणुकीत वाडा खचत गेला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाल्याने घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे मालकास सुरक्षित वाटू लागले.

नवा कायदा

१९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदविले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वार्षिक ४ टक्के वाढीस मुभा मिळाली. परंतु दहा रुपये भाड्याच्या खोलीत ही वाढ पहिल्या वर्षी दरमहा अवघी ४० पैसे होती. जुन्या बिऱ्हाडांचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. खरा बदल परवाना करारांनी केला. लेखी करार व नोंदणी बंधनकारक झाली आणि मुदत संपताच ताबा मिळण्याची हमी मालकास मिळाली. गुंतवणूक म्हणून सदनिका घेऊन ती अकरा महिन्यांच्या कराराने देण्याच्या प्रथेस यामुळे बळ मिळाले.

निष्कर्ष

१९४७ च्या कायद्याने भाडेकरूस स्थैर्य दिले. त्याचा भार मुख्यतः घरमालकाने व वाड्याच्या भिंतींनी वाहिला. २००० नंतर मालकास खात्री लाभली. परंतु परवान्यावर राहणाऱ्या कुटुंबास मुदत संपताना पुन्हा घर शोधण्याची चिंता आली. दोन्ही कायद्यांत निवाऱ्याच्या सामाजिक जबाबदारीचा खर्च शासनाने क्वचितच उचलला. तो आलटून पालटून एकाच छपराखालील दोन कुटुंबांवर पडत राहिला. वाड्यांच्या पडझडीचा इतिहास म्हणूनच सार्वजनिक धोरणाचाही इतिहास ठरतो.