न ऐकलेले व्याख्यान : विद्यापीठे आणि संगणक-सुरक्षेचे भान

संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की साहित्याचे अध्यापक सहसा बाजूला होतात. ते काम संगणक विभागाचे, फार तर प्रयोगशाळेतील साहाय्यकाचे, अशी आपल्याकडे वाटणी होऊन गेलेली आहे. जागृती करायची म्हणजे सूचनाफलकावर परिपत्रक लावायचे, एखाद्या अधिकाऱ्याचे व्याख्यान ठेवायचे आणि उपस्थितीपत्रकावर सह्या घ्यायच्या, हेही जणू ठरलेले आहे. या विषयाचा इतिहास पाहिला तर मात्र ही वाटणी टिकत नाही. संगणक-सुरक्षेच्या आरंभकाळातील काही निर्णायक घटना विद्यापीठांच्या आवारातच घडल्या, आणि त्यांतील पात्रे विद्यार्थी व अध्यापक हीच होती. त्या घटनांचा क्रम येथे थोडक्यात मांडून, जागृती या शब्दाचा आपण लावतो तो अर्थ पुरेसा आहे काय, हे आम्हांला तपासायचे आहे.

‘पासवर्ड’साठी मराठीत ‘परवलीचा शब्द’ रूढ झाला. पहारेकऱ्याने येणाऱ्याला विचारावा आणि आपल्या माणसाने तो सांगावा, असा हा खुणेचा शब्द. त्यामागे तट, दरवाजा, आतले आणि बाहेरचे अशी सगळी कल्पना उभी आहे. विद्यापीठात हा शब्द आला तेव्हा मात्र बाहेर कोणी शत्रू नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ‘सीटीएसएस’ या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, अशी तिची योजना होती. यंत्र सामाईक झाल्यावर प्रत्येकाच्या फाईली वेगळ्या ठेवणे आणि प्रत्येकाला मिळालेल्या वेळेचा हिशेब ठेवणे भाग पडले. त्यासाठी परवलीचा शब्द आला. एका छपराखाली राहणाऱ्यांनी आपापल्या पेटीला लावलेल्या कुलपासारखेच त्याचे स्वरूप होते.

ते कुलूप लगेच उघडलेही गेले, आणि तेही घरच्याच माणसाकडून. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तासांचा संगणकवेळ मिळत असे आणि प्रबंधाच्या कामाला तो पुरत नसे. १९६२ साली त्याने सर्वांचे परवलीचे शब्द असलेली फाईल छापून मिळावी अशी विनंती पंच कार्डाद्वारे यंत्राकडे केली. यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. ही हकिकत पुढे कित्येक वर्षांनी त्याने स्वतःच सांगितली. १९६६च्या सुमारास त्याच प्रणालीत आणखी एक प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाईलींवर काम करत होते. तात्पुरत्या फाईलींची अदलाबदल झाली आणि दिवसाच्या सूचनेच्या जागी परवलीच्या शब्दांची सगळी यादी जो येईल त्याच्या समोर झळकू लागली. पहिल्या प्रसंगात लबाडी होती, दुसऱ्यात निव्वळ अनवधान. दोन्हींत बाहेरचा माणूस कोणीच नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यानंतरचा टप्पा भाषेच्या अभ्यासकांना विशेष रोचक वाटावा. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी परवलीच्या शब्दांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज शोधून काढता येण्याजोगे निघाले. काही एकाच अक्षराचे होते, काही दोन-तीन अक्षरांचे, आणि बरेचसे शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे. माणसाला गुपित ठेवायला सांगितले तरी तो ओळखीच्याच शब्दाकडे वळतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे. ज्या सवयीमुळे भाषा सर्वांची होते, तीच सवय गुपिताला मारक ठरते. यंत्रात शब्द मूळ रूपात न ठेवता उलट फिरवता न येणाऱ्या रूपात ठेवावा, यांसारखे तांत्रिक उपाय त्या निबंधात आहेत. माणसाच्या सवयीवर मात्र तंत्राचा इलाज अपुराच पडतो.

याचा प्रत्यय नऊ वर्षांनी आला, तोही विलक्षण योगायोगाने. निबंधाचे लेखक रॉबर्ट मॉरिस तोवर अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ झाले होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट टॅपन मॉरिस कॉर्नेल विद्यापीठात नुकताच संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाला होता. २ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी त्याने एमआयटीच्या एका संगणकावरून, आपोआप पसरत जाणारा एक प्रोग्राम महाजालावर सोडला. हाच पुढे ‘मॉरिस वर्म’, म्हणजे मॉरिसचा कृमी, म्हणून ओळखला गेला. फाईली नष्ट करण्याची योजना त्यात नव्हती. पण एकाच यंत्रावर त्याच्या अनेक प्रती जमत गेल्या आणि यंत्रे थकून बंद पडू लागली. त्या वेळी महाजालावर सुमारे ६०,००० संगणक असावेत आणि त्यांपैकी ६,०००च्या आसपास बाधित झाले असावेत, असे तेव्हा म्हटले गेले. हा आकडा अंदाजाचाच होता.

कृमी आत शिरला कसा, हे पाहिले की त्या काळच्या विद्यापीठांचे अंतरंगच दिसते. टपाल पोहोचवणाऱ्या प्रोग्राममध्ये चाचणीसाठी ठेवलेली एक वाट उघडीच राहिली होती. दुसऱ्या एका प्रोग्राममधील जुनी चूक कोणी दुरुस्त केली नव्हती. शेजारच्या यंत्रावरून आलेल्याला काही न विचारता आत घेण्याची सोय अनेक ठिकाणी होती; सहकाऱ्यांची कामे सुलभ व्हावीत हा तिचा हेतू. आणि कृमीजवळ ४३२ शब्दांची एक यादी होती, जीतले शब्द तो परवलीचे म्हणून लावून पाहत असे. वडिलांनी ज्या सवयीवर बोट ठेवले होते, तिच्यावरच मुलाने भिस्त ठेवली.

कृमी सुटल्यावर काही तासांतच त्याच्या एका मित्राने तो कसा थोपवावा हे सांगणारा निनावी संदेश पाठवला. परंतु जाळेच कोंडल्यामुळे तो वेळेवर पोहोचला नाही. बर्कली आणि एमआयटी येथील मंडळींनी कृमीची उकल करून उपाय सर्वांना खुले केले. ज्या मोकळेपणातून रोग पसरला, त्याच मोकळेपणाने औषधही पोहोचवले. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीला तोंड देणारे ‘सर्ट’ हे पथक स्थापन झाले. मॉरिसवर खटला चालला. १९९० साली त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

आमच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत बोलके कागदपत्र न्यायालयाचे नाही. ते आहे कॉर्नेल विद्यापीठाने नेमलेल्या चौकशी समितीचा १९८९चा अहवाल. संगणकाचा गैरवापर करू नये, इतरांच्या खाजगी फाईली चाळू नयेत, नसलेले अधिकार मिळवू नयेत, असे संगणकशास्त्र विभागाचे लेखी धोरण होते. त्याची प्रत मॉरिसला दिली गेली असावी, पण त्याने ती वाचली की नाही हे समितीला कळू शकले नाही. नव्या विद्यार्थ्यांच्या परिचयसत्रात या धोरणावर व्याख्यान झाले होते. आवारात असूनही मॉरिस बहुधा त्याला गेला नसावा, असे समितीने नोंदवले. म्हणजे नियम होता, कागद होता, व्याख्यानही होते. जागृतीचे सारे सोपस्कार यथासांग पार पडले होते, आणि जागृती तेवढी झाली नव्हती.

समितीने मॉरिसच्या कृत्याचे समर्थन केले नाही. ते पोरकट आणि परिणामांची पर्वा न करणारे असल्याचा ठपका ठेवला. मात्र त्याचबरोबर, विद्वानांच्या समुदायाला खाजगीपण जपण्यासाठी गगनाला भिडणाऱ्या भिंती बांधाव्या लागू नयेत, कारण त्याच भिंती ज्ञानाची ये-जाही अडवतील, अशी भूमिकाही घेतली. घाव ताजा असताना एखाद्या विद्यापीठाने असे म्हणावे, याचे मोल आम्हांला मोठे वाटते. विश्वासघात झाला म्हणून विश्वासच काढून टाकण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. विश्वास निभावण्याची शिस्त कशी रुजवायची, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. कॉर्नेलने निलंबित केलेला हा विद्यार्थी पुढे हार्वर्डचा डॉक्टरेट झाला आणि एमआयटीतच प्राध्यापक झाला, हे येथे नोंदवले पाहिजे. शिक्षणसंस्थेला शिक्षेपलीकडेही काही देता येते, एवढे त्यावरून दिसते.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, ‘सर्ट-इन’ २००४ साली कामाला लागली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवी व पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. कागद आपल्याकडेही आहे. पण प्रवेशाच्या दिवसांत एकाच संगणकावर पाचपन्नास विद्यार्थ्यांचे अर्ज भरले जातात, त्यांचे परवलीचे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात आणि शिष्यवृत्तीच्या खात्याला जन्मतारखेचेच कुलूप असते, तेथे कॉर्नेलचा अनुभव पुन्हा घडत असतो. दरम्यान धोक्याचे रूपही बदलले आहे. आज विद्यार्थ्याला फसवणारा प्रोग्राम नसतो, बहुधा एक मजकूर असतो. बँकेच्या, आयोगाच्या, कधी प्राचार्यांच्या नावाने आलेले पत्र. त्यातील अधिकाराचा सूर, घाई, भीती किंवा लालूच.

आणि मजकूर वाचायला शिकवणे हे तर आमचेच काम. हे कोण बोलत आहे, कोणाशी, कोणत्या अधिकाराने, आणि वाचणाऱ्याकडून त्याला काय करवून घ्यायचे आहे, हे प्रश्न आम्ही कथेला, पत्राला, भाषणाला वर्षानुवर्षे विचारायला लावतो. तेच प्रश्न भ्रमणध्वनीवर आलेल्या चार ओळींना विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर परिपत्रकाने जे साधत नाही ते काही अंशी साधेल. त्यासाठी वेगळ्या तासिकेची गरज नाही. व्यावहारिक मराठीच्या तासाला पत्रलेखन शिकवताना एक खरे आणि एक खोटे पत्र शेजारी ठेवून वाचणे एवढेही सुरुवातीला पुरे. शेरने छापून घेतलेल्या यादीपासून मॉरिसने चुकवलेल्या व्याख्यानापर्यंतचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. सामाईक वस्तू वापरणाऱ्याला दुसऱ्याच्या वाट्याची जाणीव असावी लागते, आणि ती जाणीव वर्गातल्या रोजच्या संवादातूनच येते. सूचनाफलक लावणारे लावोत. तो वाचण्याची दृष्टी देण्याची जबाबदारी आम्हां भाषेच्या अध्यापकांकडे येते, आणि ती टाळता येणार नाही.