डोळ्याची परीक्षा की चिन्हाची?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या माहितीपानावर, नावाच्या खाली, एक लहानशी आयताकृती पट्टी असते. तिच्या डाव्या भागात करड्या रंगावर ‘आवृत्ती’ या अर्थाचा शब्द असतो आणि उजव्या भागात निळ्या किंवा नारिंगी रंगावर एक आकडा. ही आवृत्ती विसंबण्याजोगी आहे, अजून घडते आहे, की तिची देखभाल थांबली आहे, हे या बॅजने क्षणभरात सांगायचे असते. बंगळुरूच्या कार्यालयातील अभियंता असो वा गुवाहाटीच्या वसतिगृहातील विद्यार्थिनी, प्रकल्पासाठी सॉफ्टवेअर निवडताना दोघांचीही नजर आधी या रंगावर जाते. हा रंग कोणता असावा, हा प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. त्यामागचा इतिहास मात्र रेल्वेच्या रुळांवरून, शेताच्या बांधावरून आणि न्यायालयाच्या दारातून आलेला आहे.

रंगाने ‘स्थिती’ सांगण्याची सवय जगाला प्रामुख्याने रेल्वेने लावली. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील रेल्वेवर तांबडा दिवा म्हणजे ‘थांबा’, हिरवा म्हणजे ‘सावध’ आणि पांढरा म्हणजे ‘मार्ग मोकळा’ असा संकेत होता. या संकेतातला पांढरा घातक ठरला. सिग्नलची तांबडी काच फुटली की आतल्या दिव्याचा उजेड पांढराच दिसे आणि ‘थांबा’चे ‘चला’ होई. रुळालगतच्या घरातला साधा दिवाही ‘मार्ग मोकळा’ असल्याचा भास निर्माण करी. म्हणून शतकाच्या उत्तरार्धात पांढरा हळूहळू मागे पडला, हिरव्याला ‘मोकळा’ हा अर्थ मिळाला आणि पुढे सावधगिरीची जागा पिवळ्याने घेतली. एकाच पिढीच्या हयातीत हिरव्याचा अर्थ ‘जपून’ऐवजी ‘निर्धास्त’ असा झाला. रंगाला अर्थ जन्मतः नसतो, तो माणसांनी ठरवून दिलेला असतो, हे त्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले.

मात्र ठरवलेला अर्थ सर्वांच्या डोळ्यांना सारखाच दिसतो काय, हा प्रश्न उरलाच. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टर येथे स्वतःच्या वेगळ्या रंगदृष्टीचे वर्णन मांडले होते, पण ती अनेकांना एक नवलाई वाटली. १५ नोव्हेंबर १८७५ रोजी स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली आणि नऊ जण दगावले. उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी या अपघातामागे रंगांधळेपणा असावा, असे प्रतिपादन केले. रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावणारी त्यांची चाचणी पुढे अनेक देशांच्या रेल्वेने स्वीकारली. लागरलुंडाचा अपघात खरोखरच रंगांधळेपणामुळे झाला का, याविषयी नंतरच्या संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. चाचणी मात्र रुजली. १९१७ साली जपानच्या शिनोबु इशिहारा यांनी रंगीत ठिपक्यांत दडलेल्या आकड्यांच्या पाट्या तयार केल्या. त्या आज भारतातही भरतीच्या वैद्यकीय तपासणीत वापरल्या जातात.

या चाचण्यांमागे एक गृहीतक होते : चिन्ह बरोबर आहे, त्याला न जुळणारा डोळा बाजूला काढावा. रात्री दुरून दिसणाऱ्या दिव्याच्या बाबतीत ते गृहीतक समजण्याजोगे आहे, कारण तेथे चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. तरीही रेल्वेने सगळी भिस्त रंगावर कधीच ठेवली नाही. जुन्या सिग्नलचा हात दिवसा आडवा असला की ‘थांबा’, कलला की ‘चला’. तेथे खूण हाताच्या स्थितीची होती. भारतीय रेल्वेच्या आजच्या रंगदीप सिग्नलांत एक पिवळा दिवा ‘पुढच्या सिग्नलला थांबण्याच्या तयारीने जा’ असे सांगतो, तर दोन पिवळे ‘पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडण्याची तयारी ठेवा’ असे सांगतात. या दोन आज्ञांतला भेद रंग दाखवत नाही, दिव्यांची संख्या दाखवते.

रंगांधळेपणाचे मूळ डोळ्यातील शंकुपेशींत आहे. तांबड्या-हिरव्या प्रकाशाच्या संवेदनेशी निगडित जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात. पुरुषात हे गुणसूत्र एकच असल्याने त्यातील दोष भरून काढणारी दुसरी प्रत नसते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ०.५ टक्का आढळते. भारतात ते त्याहून कमी आढळत असले, तरी देशाची लोकसंख्या ध्यानात घेता अशा व्यक्ती कोट्यवधींच्या घरात जातात. त्यांना जग कृष्णधवल दिसत नाही. अडचण बहुधा तांबडा, हिरवा, तपकिरी आणि नारिंगी यांच्या काही छटा एकमेकींपासून वेगळ्या काढण्याची असते.

भारतातील स्थितिदर्शक चिन्हांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी प्रत्येक डब्यावर विषारीपणाचा रंगीत शिक्का सक्तीचा केला. सर्वांत जहाल विषाला तांबडा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. त्या शिक्क्यात रंगासोबत इशाऱ्याचा शब्दही असतो आणि जहाल विषाच्या शिक्क्यावर कवटी व हाडे असतात. हिरव्या शिक्क्यावरचा शब्द ‘सुरक्षित’ असा नसून ‘सावधान’ असा आहे. रेल्वेने जो अर्थ हिरव्याकडून काढून घेतला होता, तोच येथे त्याच्याकडे परत आलेला दिसतो. सिग्नलचा हिरवा मनात धरून एखाद्याने तो डबा निर्धास्तपणे हाताळू नये, याची काळजी तो शब्दच घेतो.

२०१४ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाने ‘एक आकडा, एक रंग, एक वर्णन’ हे सूत्र स्वीकारले. ३५० हा निर्देशांक तांबड्या रंगात दिसतो, पण त्याजवळ आकडा असतो आणि ‘अतिशय वाईट’ हे शब्दही असतात. एखाद्याच्या डोळ्यांनी रंग गाळला, तरी निरोप पोहोचतो.

सर्वांत बोलके उदाहरण खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचे आहे. शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका, दोन्ही चौकटीत आणि दोन्ही गोल, अशी खूण भारतात सुमारे दोन दशके वापरली गेली. हिरवा आणि तपकिरी ही रंगांध व्यक्तीला सर्वाधिक चकवणाऱ्या जोड्यांपैकी एक. या देशात आहाराचा प्रश्न केवळ चवीचा नसतो, तो अनेकांच्या श्रद्धेचा असतो. असे असूनही ही खूण लक्षावधी ग्राहकांना खात्रीने वाचता येत नव्हती. २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहाराच्या ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आला. रंग तोच राहिला, आकार बदलला. त्या वेळी तपासणी डोळ्याची झाली नाही, चिन्हाची झाली.

त्याच सुमारास कायद्याची दृष्टीही बदलू लागली. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवान्याचा मार्ग खुला केला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेतील प्रवेशाच्या प्रकरणात निर्णय दिला. चित्रपट संपादनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड होऊनही रंगांधळेपणामुळे एका तरुणाला प्रवेश नाकारला गेला होता. अशा विद्यार्थ्यांना कोणत्याही अभ्यासक्रमातून वगळू नये, असे न्यायालयाने सांगितले.

आता पुन्हा त्या लहानशा बॅजकडे वळू. संगणकाच्या जगात तांबडा-हिरवा हे जोडपे रुजवण्यात केंट बेक व एरिक गामा यांच्या जेयुनिट या चाचणी-साधनाचा मोठा वाटा आहे. १९९७ च्या सुमारास घडलेल्या या साधनात सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या की पट्टी हिरवी होई, एखादी फसली की तांबडी. पुढे हेच रंग प्रकल्पांच्या बॅजवर आले. तेथे अडचण अशी, की चाचणीचे निकाल दोन असतात, पण सॉफ्टवेअरच्या अवस्था अनेक असतात. पायथन भाषेच्या भांडारात प्रकल्पाच्या सात अवस्था क्रमांकाने नोंदल्या जातात : नियोजन, अल्फापूर्व, अल्फा, बीटा, स्थिर, प्रगल्भ आणि निष्क्रिय. प्रसिद्ध शील्ड्स बॅजसेवेत या सातांना तीनच रंग वाटून दिलेले आहेत. तेथे नियोजनातला प्रकल्प तांबडा आणि निष्क्रिय प्रकल्पही तांबडाच. एक अजून जन्मायचा आहे, दुसरा सोडून दिलेला आहे, आणि नुसता रंग पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही. येथे डोळा कितीही निकोप असला तरी फसतो.

आवृत्तीच्या आकड्यासाठी याच सेवेने निवडलेली जोडी अधिक विचारपूर्वक वाटते. स्थिर आवृत्ती निळी, आणि शून्याने सुरू होणारी किंवा पूर्वप्रकाशित आवृत्ती नारिंगी. प्रचलित आवृत्ती-क्रमांकनाच्या संकेतानुसार शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्तीत काहीही, केव्हाही बदलू शकते. म्हणून नारिंगीचा इशारा सार्थ आहे. निळा रंग शाबासकीही देत नाही आणि दोषही दाखवत नाही. तो केवळ माहिती देतो. शिवाय तांबडा-हिरवा गोंधळणाऱ्या बहुतेक डोळ्यांना निळा आणि नारिंगी स्वच्छ वेगळे दिसतात.

संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, की माहिती केवळ रंगातून देऊ नये आणि सामान्य आकाराचा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका तेजोभेद असावा. भारतातील शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वेही याच वाटेने जातात. नव्या बॅजची रंगसंगती ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला याहून सोपी कसोटी हवी असेल, तर तो बॅज कृष्णधवल छापून पाहावा. ‘स्थिर’, ‘बीटा’ आणि ‘देखभाल बंद’ हे तिन्ही बॅज कागदावर वेगळे ओळखू आले, तर मग रंग मनाजोगता निवडावा. ओळखू आले नाहीत, तर आधी शब्द आणि आकार दुरुस्त करावेत. पाकिटावरच्या तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण व्हायला या देशात सुमारे वीस वर्षे लागली. बॅजमधला तसा बदल एका दुपारचे काम आहे.