शिंगाळ्याचं नाव

काही वर्षांपूर्वी डेन्व्हरला ऑनसाईट होतो. एका शनिवारी टीममधला सहकारी मला डोंगरातल्या नदीवर ट्राउट पकडायला घेऊन गेला. दिवसभर गारठलेल्या पाण्यात उभं राहून त्याला एक ब्राउन ट्राउट मिळाला, आणि तोही पठ्ठ्याने परत सोडून दिला! वर इतिहास ऐकवला. हा मासा मूळचा युरोपातला, १८८३ साली जर्मनीहून त्याची अंडी अमेरिकेत आली वगैरे. मग म्हणाला, "तुझ्या गावच्या नदीत कोणते मासे आहेत?"

मी भातकुलीचा. तालुक्यातून पेढी वाहते, ती पुढे पूर्णेला मिळते. पण मला एका माशाचं नाव सांगता येईना. लाजच वाटली.

परत आल्यावर वाचायला बसलो आणि कर्नल साईक्स भेटला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा माणूस. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. आजच्या भाषेत डेटा कलेक्शन! त्याने पक्षी आणि मासेही टिपले. ट्राउटला थंड पाणी लागतं, म्हणून साहेबांनी तो पुढे काश्मीर आणि निलगिरीत आणून सोडला. इतरत्र त्यांचा गळ महसीरसाठी पडायचा. दख्खनचा महसीर साईक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला आणि १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव छापलं, 'खुद्री'.

गंमत म्हणजे खुद्री, कोळस, इचकी, शिंगाळा ही सगळी इथलीच नावं. आजही जगभरचे शास्त्रज्ञ शिंगाळ्याला 'स्पेराटा सीनघाला' म्हणतात, आणि नियमाप्रमाणे पुढे लिहितात : साईक्स, १८३९. ही नावं त्याला नदीकाठच्या मासेमारांनीच सांगितली असणार. पण त्यांचं नाव त्यात नाही.

गेल्या दिवाळीत पूर्णेवर गेलो. एक भोई काका जाळं झटकत होते. त्यातल्या लांब मिशांच्या माशाकडे बोट दाखवून विचारलं, "काका, हा कोन्ता?"

"शिंगाळा व्हय. तुले मालूम नाई? पयले हातभर लांब भेटे. आता कमी झाला."

फोटो काढून डेन्व्हरला पाठवला, उत्तर जरा उशिराच गेलं. आणि निघताना काकांचं नाव विचारलं. वहीत माशाच्या नावापुढे तेच लिहिलंय.