लाल ठिपक्याचं पुणे कनेक्शन

मंडळी, चिंचवड-चाकणच्या आमच्या कंपूत सध्या एअर रायफलची हवा आहे आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: स्वस्तातली रेड डॉट साइट कुठली घ्यावी? उत्तराआधी थोडा इतिहास.

या साइटचा मूळपुरुष डब्लिनचा हॉवर्ड ग्रब. धंदा दुर्बिणी बनवण्याचा. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रा. कावसजी नायगमवाला यांनी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण ग्रबचीच. (१९१२ नंतर ती कोडाईकनालला गेली.) याच ग्रबने १९०० मध्ये परावर्तक साइटचं पेटंट घेतलं. तत्त्व सोपं: काचेवरून परावर्तित झालेली खूण अनंतावर असल्यासारखी दिसते, त्यामुळे डोळा जरा हलला तरी नेम बिघडत नाही. १९७५ च्या सुमारास स्वीडनच्या एमपॉइंटने त्यात एलईडी बसवला.

गोची इथेच आहे. आपलं टार्गेट १० मीटरवर, अनंतावर नव्हे! एवढ्या जवळ स्वस्त साइटचा ठिपका डोळ्याबरोबर सरकतो. तेव्हा घेण्याआधी रायफल टेकवून ठेवा आणि फक्त डोकं हलवा. ठिपका टार्गेटवर फार भटकला तर ती साइट नको. शिवाय स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का मागे-पुढे दोन्हीकडे बसतो, म्हणून माउंट घट्ट हवा.

आणि स्पर्धेत उतरायचं असेल तर पैसे वाचवाच. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ही साइट चालतच नाही. बालेवाडीत घाम गाळलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलं ते पीप साइटवर. ठिपक्याविना!