दहा माणसांची प्रार्थना

धर्मसमाज कशाच्या बळावर टिकतो, असा प्रश्न कोणी केला, तर आपल्यातील बहुतेक सुशिक्षित मंडळी ग्रंथ, मंदिर आणि आचार्य या तिहींची नावे घेतील. उत्तर वरवर पाहता निर्विवाद आहे. परंतु आपल्याच कोकणपट्टीत असा एक समाज नांदला की, ज्यापाशी कित्येक शतके या तिहींपैकी एकही साधन नव्हते. आणि तरीही तो विरून गेला नाही. हा समाज म्हणजे बेने इस्राएल होय. त्याच्या इतिहासाचा थोडा विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

या लोकांची परंपरा अशी सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. समुद्राने ग्रंथ नेले. पुढे भाषाही गेली. राहिली ती मराठी, तेलाचा घाणा, आणि गावावरून पडलेली दिवेकर, केहीमकर, राजपूरकर, अष्टमकर अशी अस्सल कोकणी आडनावे. गलबत केव्हा फुटले याविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि या लोकांस शेजाऱ्यांनी दिलेले ‘शनिवार तेली’ हे नाव पुष्कळ काही सांगून जाते. शनिवारी ज्याचा घाणा बंद तो शनिवार तेली. अख्ख्या गावाला दिसणारा असा हा धर्म होता.

त्यांच्यापाशी उरले होते तरी काय? शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, काही सण, आणि ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची एक हिब्रू प्रार्थना. जन्म, विवाह वा मृत्यू, प्रसंग कोणताही असो, तीच एक प्रार्थना म्हटली जाई. सणांची मूळ नावे विसरली होती. त्यांना मराठी नावे पडली. खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफळणीचा सण! यांपैकी दारफळणीच्या दिवशी दारे लावून घेऊन उपास करावा. आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, गरिबांस दान द्यावे व आप्तेष्टांच्या घरी भेटीस जावे, अशी रीत होती. ईश्वरासमोर एकांतात उभे राहून झाले की लगेच शेजाऱ्याचे दार ठोठवायचे, ही योजना आम्हांस मोठी मार्मिक वाटते.

पुढे दाविद राहाबी नावाचा एक यहुदी पुरुष कोकणात आला. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. पण कथा प्रसिद्ध आहे. हे लोक खरोखर यहुदी की काय, याची परीक्षा पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेवून ते रांधण्यास सांगितले. पर व खवले नसलेले मासे त्यांनी आपण होऊन वेगळे काढले, आणि राहाबीची खात्री पटली. कथेचा ऐतिहासिक भाग किती, हे बाजूस ठेवले तरी तिचे तात्पर्य खोटे नाही. शास्त्र पुरुषांच्या स्मरणातून गेले तेव्हाही ते स्वयंपाकघरात जिवंत होते. राहाबीने तीन कुटुंबांतील पुरुषांस धर्मविधी शिकविले. त्यांचे वंशज ‘काजी’ म्हणून गावोगाव फिरून संस्कार चालवीत आणि तंटे मिटवीत. लग्नकार्यात अथवा नवस फेडताना होणाऱ्या मलिद्याच्या विधीत पोहे, गूळ वा साखर, खोबरे व फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबीचे स्मरण करावयाचे आणि मग तो प्रसाद सर्वांनी वाटून खावयाचा, ही चालही अशीच घरोघर रुजली.

अठराव्या शतकात यांतील पुष्कळ लोक मुंबईस आले आणि कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर हा त्यांपैकीच एक अंमलदार. टिपूच्या कैदेत पडून तो जिवंत सुटला, आणि त्याने १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधिले. ‘जुनी मशीद’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. मुकादम, चौगुले, गब्बाय, हज्जान असे अधिकारी तेथे व्यवस्था पाहू लागले. मराठी आणि हिब्रू पदव्या एकाच पंक्तीस बसल्या. पुढे अलिबाग, पनवेल येथेही मंदिरे झाली.

यहुदी धर्मात सार्वजनिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ विद्वान जमले तरी चालत नाही. दहावा निरक्षर तेली आला की प्रार्थना सुरू होते. ज्या विधीत शेवटच्या सामान्य माणसावाचून सर्वांचेच अडते, तो विधी समाजाला माणसांची किंमत शिकवितो.

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक म्हणून आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हिब्रू शिकविली. बेने इस्राएलांनी ती विद्या घेतली, धर्म मात्र आपलाच ठेविला. जोसेफ इझीकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणिल्या. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहीमकरांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढिली. १८८०च्या सुमारास तर आपल्या हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, मोशे यांची आख्याने मराठीत रंगू लागली. दुसऱ्याचे पात्र घेऊन त्यात आपलेच पाणी भरण्याची ही हातोटी प्रत्येक धर्मसमाजाने शिकण्याजोगी आहे.

परंतु केवळ स्तुती करणे हा इतिहास नव्हे. याच समाजाने आपल्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद पाळला. ज्यांची माता परसमाजातील, त्यांच्या संततीस ‘काळे’ म्हणून रोटीबेटीव्यवहारातून वगळले, आणि उपासनेतही मागे बसविले. मग काळाने याच समाजाकडून पुरेपूर वसुली केली. मुंबईत आलेल्या बगदादी यहुद्यांपैकी कित्येकांनी वंशशुद्धीची शंका काढून बेने इस्राएलांसच दहांत धरण्याचे नाकारिले. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हजारो लोक तिकडे गेले, तेव्हा तेथेही तीच शंका पुढे आली. १९६२ साली तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढिला. या अपमानाने समाज खवळून उठला. निदर्शने झाली, धरणे धरली गेली, आणि १९६४ साली बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे तेथील संसदेस जाहीर करावे लागले. जो न्याय त्यांनी हक्काने मागितला, तोच आपल्या ‘काळ्या’ बांधवांस त्यांनी नाकारिला होता, हे विसरून चालणार नाही.

आज बेने इस्राएलांपैकी बहुतेक लोक इस्राएलात आहेत; भारतात काही हजारच उरले. कोकणातील मंदिरांत दहा माणसे जमविणे कठीण होऊन बसले आहे. तिकडे गेलेल्यांच्या घरी मात्र मलिद्याचे ताट अद्याप मांडले जाते, आणि ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिकही त्या भूमीत निघाले.

यावरून आम्हांस असे वाटते की, धर्मबंधुत्व मोठ्या सिद्धांतांपेक्षा नित्याच्या लहान, सामाईक कर्तव्यांनी घट्ट होते: ठरलेल्या दिवशी थांबणे, एका ताटातील प्रसाद वाटून घेणे, सणाच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे जाणे. दहाव्या माणसाची वाट पाहणारा समाज शतकानुशतके टिकतो. मात्र तो दहावा दारात उभा राहिला असता त्याचे कूळ विचारण्याचा मोह ज्या दिवशी होतो, त्या दिवशी तोच समाज आपल्या हाताने आपली प्रार्थना थांबवितो.