पगचं नाक कुठं गेलं?

लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असाल तर आधी हेडफोन नीट खोचा, कारण आजची गोष्ट नाकाची आहे. आणि सुरुवात माझ्याच घरातून करतोय.

2006 साल. आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहायचो. मी सातवीत होतो. बाबांनी एका दुकानातून पग आणला आणि आम्ही त्याचं नाव ठेवलं चिकू. चपटं तोंड, मोठे डोळे, कपाळावर आजोबांसारख्या आठ्या. हा चिकू इतका घोरायचा की शेजारचे काका विचारायचे, "काय रे, बाबा आज लवकर झोपले का?" आम्ही जाम हसायचो. पाहुणे आले की मुद्दाम त्याचं घोरणं ऐकवायचो.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला मी त्याला खाली फिरवायला नेलं. दहा मिनिटांत तो बसला. जीभ जांभळी पडली. रिक्षानं डॉक्टरांकडे नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "हा घोरायचा का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "ते घोरणं नव्हतं रे. श्वास घ्यायची धडपड होती."

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून आजचा प्रश्न. कुत्र्याला नाक असतंच, मग पगचं गेलं कुठं?

पग मूळचा चीनचा. राजदरबारात मांडीवर बसणारा. तिथून व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो हॉलंडला आणि पुढे इंग्लंडला पोचला. आता जरा फोन हातात घ्या आणि विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराचं 1745 सालचं चित्र शोधा. त्यात त्यानं स्वतःबरोबर आपला पग रंगवलाय. नीट बघा. त्या कुत्र्याला चक्क तोंड आहे, पुढे आलेलं. पायही आजच्या पगपेक्षा लांब. म्हणजे तेव्हा पग होता आणि त्याला नाकही होतं.

मग झालं काय? एकोणिसावं शतक झालं! 1859 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं एक प्रदर्शन भरलं. पहिलं आधुनिक डॉग शो म्हणून तेच सांगितलं जातं. तिथं फक्त पॉइंटर आणि सेटर हे शिकारी कुत्रे होते आणि बक्षीस होतं बंदूक. गंमत बघा, कुत्रे शिकारीचे, पण पारख रानात पळवून नाही, मांडवात उभं करून, दिसण्यावरून. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. कुणाचे आईबाप कोण याची वही ठेवली जाऊ लागली आणि प्रत्येक जातीचा नमुना कागदावर उतरला. 1883 मध्ये खास पगसाठी क्लब निघाला.

त्याआधी जात म्हणजे बरंचसं काम असायचं. मेंढ्या राखणारा, ससा पकडणारा, बैलाशी झुंजणारा. बैलाशी झुंज लावायला इंग्लंडमध्ये 1835 साली कायद्यानं बंदी आली. बुलडॉगचं काम गेलं, राहिलं ते रूप. आता त्या रूपालाच बक्षीस मिळायला लागलं. चपटं तोंड आवडलं की चपट्याशी चपट्याची जोडी लावायची. पुढच्या पिढीत आणखी चपटं. पगचंही तेच झालं.

पण यात एक मोठा घोळ आहे. हाड आखूड झालं, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो. नाकपुड्या बारीक होतात. आणि कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळत नाही, थोडासा पंजांना येतो तेवढाच. तो गार होतो धापा टाकून. जिभेवरचा, तोंडातला, नाकातला ओलावा उडतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. मुंबईच्या मे महिन्यात हवाच इतकी दमट की ओलावा उडता उडत नाही. त्यात वाट अरुंद. चिकू दहा मिनिटांत का बसला, ते मला हे वाचल्यावर कळलं.

आणि तो आमच्या घरी आला कसा? 2003 मध्ये हचची जाहिरात आली. एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा पग. आठवतंय? तुमच्यातले काही तेव्हा जन्मलेही नसतील. ती जाहिरात मोबाईल नेटवर्क विकत होती, आपण कुत्रा आणला. पगची मागणी देशभर वाढली. मागणी वाढली की पिल्लं "काढणारे" वाढतात. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले थेट 2017 मध्ये. पैदास करणाऱ्यानं नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नेदरलँड्सनं तर 2019 पासून डोक्याच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड नाक असलेल्या कुत्र्यांची पैदासच थांबवली.

आता आपल्या मातीकडे या. सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडे कारवानी कुत्रा आहे. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात. लांब नाक, खोल छाती, आत गेलेलं पोट, आखूड केस. नजरेनं सावज हेरून पळणारा. काफिल्यांबरोबर आला म्हणून कारवानी, असं म्हणतात. मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी ही जात सांभाळली. 2005 मध्ये त्यावर टपाल तिकीट निघालं, 2016 मध्ये लष्करानं त्याची पिल्लं घेतली. पण मंडळी, लगेच बोरिवलीच्या वन बीएचकेत कारवानी आणू नका! तो पळण्यासाठी घडलाय. दिवसभर बाल्कनीत बांधला तर तोही हालच. जात निवडताना रंग नंतर बघा. हा कुत्रा कशासाठी घडवला गेला, हे आधी विचारा.

आणि घरात पग आधीच असेल तर? त्याला टाकू नका, त्याची काही चूक नाही. वजन आटोक्यात ठेवा. गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावा. चेहऱ्याच्या वळ्या रोज पुसून कोरड्या करा, नाहीतर तिथं कुजतं. उन्हाळ्यात फिरायला सकाळी सातच्या आत. धाप थांबत नसेल तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि तडक डॉक्टर गाठा. आणि घोरण्याचा व्हिडिओ काढलात तर तो आधी डॉक्टरांना दाखवा, स्टेटसला नंतर.

सध्या मी मुलुंडला राहतो. आमच्या गेटबाहेर सापडलेली गावठी काळी कुत्री आता घरात असते. तिचं नाव राणी. ना वही, ना कागद, नाक मात्र चांगलं लांब. आंघोळ महिन्यातून एकदा, ब्रश दोन दिवसांनी, बस. सुरुवातीचे काही दिवस मी रात्री दोन-तीनदा उठायचो आणि तिच्या पोटावर हात ठेवून बघायचो. कारण झोपेत तिचा आवाजच यायचा नाही. कुत्रा इतका शांत झोपतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरी कोण झोपलंय आणि कसं झोपतं, ते नक्की कळवा.